डोंबिवली ते मोशी, बजेट बारा हजार. बिऱ्हाड हलवायचं कसं?

तिसरा_मजला | ४ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे फक्त वाचते, पण आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय. नवऱ्याची नोकरी जानेवारीपासून चाकणला. तो तिथे तिघांत एक खोली करून राहतो आणि मी, सासूबाई आणि दुसरीतून तिसरीत गेलेला मुलगा इथे डोंबिवली पूर्वेला. आता चाकणजवळच मोशीत वन बीएचके ठरलाय. डिपॉझिट, ब्रोकर आणि करार यांतच सगळी बचत गेली. सामान हलवायला हातात उरलेत बारा हजार. त्याच्या वर एक रुपया नाही.

तीन पॅकर्सना फोन केले. एक म्हणाला १९,५००, दुसरा २३,००० अधिक जीएसटी. तिसरा चक्क ९,०००, आणि तोसुद्धा 'मॅडम आज बुक केलं तरच'. स्वस्तवाल्याकडे मन ओढतंय.

सामान: स्टीलचं कपाट एक, प्लायवूडचा डबल बेड (स्टोरेजवाला), १९० लिटरचा फ्रीज, सेकंडहँड फ्रंट लोड वॉशिंग मशीन, ३२ इंची टीव्ही, काचेची शेगडी, भांडी, अंथरुणं, चार खोकी पुस्तकं, अकरा कुंड्या, मुलाची सायकल, ॲक्टिव्हा. आणि सासूबाईंचा पाटा-वरवंटा, ज्यावर गेल्या सहा वर्षांत काहीही वाटलेलं नाही.

इथलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिथे चौथा मजला, लिफ्ट आहे. २० ते २५ मेच्या दरम्यान निघायचंय. कसं करू?

---

लंबोदर | ४ मे, रात्री १०:५२

पाटा सोडून बाकी सगळं विका. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तुमचं पाट्यावर.

---

वैतागलेला_वाकड | ४ मे, रात्री ११:१५

ताई, त्या ९,००० वाल्याचा नंबर आत्ताच्या आत्ता डिलीट करा.

दोन वर्षांपूर्वी ठाण्याहून वाकडला येताना मी हेच केलं. फोनवर ८,५००. सकाळी माणसं आली, झपाझप सगळं भरलं, दोन हजार आगाऊ घेतले. दुपारी फोन आला, 'साहेब, सामान जास्त निघालं, मोठी गाडी करावी लागली, अजून ११,००० टाका, मग गाडी निघेल.' गाडी कुठे आहे ते सांगेनात. घरात बायको, सहा महिन्यांचं बाळ आणि एक चटई. शेवटी ७,००० वर तुटलं. सामान दुसऱ्या दिवशी रात्री आलं, त्यात मिक्सरचं भांडं नव्हतं.

पावतीवर पत्ता होता, पण त्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं. पॅकरच करायचा असेल तर घरी येऊन सामान बघून लेखी आकडा देणाराच करा, आणि गाडीचा नंबर गाडी हलायच्या आत फोटोत घ्या.

---

मंजिरी_ठाणे | ५ मे, सकाळी ७:३०

नवरा बँकेत. एकवीस वर्षांत नऊ बदल्या, त्यामुळे या विषयात माझी पीएचडी झाली आहे असं समजा. :)

टेम्पोवाल्याशी पाचशे-हजारांची घासाघीस करण्यात शक्ती घालवू नका. भाडं ठरतं ते सामान किती जागा खातं यावर. तुमची यादी बघता बेड आणि कुंड्या गेल्या तर मोठ्या टेम्पोऐवजी पिकअपमध्ये सगळं बसेल. छोटा हत्ती पुरणार नाही. त्याचा हौदा सातेक फुटांचा, कपाट आडवं टाकलं की संपला.

प्लायचा स्टोरेज बेड नेऊ नका. एकदा उघडला की पुन्हा स्क्रू धरत नाही. आम्ही नागपूर ते कोल्हापूर असा एक बेड नेला. सुतार जोडायला आला, त्याने एका फळीवर अंगठा दाबला आणि भुस्सा पडला. सुताराचे ८०० वर गेले. तो बेड आत्ताच ओएलएक्सवर टाका. शेवटच्या आठवड्यात विकायला काढलात की घेणाऱ्याला कळतं तुम्ही अडलाय, मग फुकटात मागतात.

आजपासून किराणा भरणं बंद. डबे रिकामे करत जा. शेवटचे आठ दिवस आमच्याकडे रोज 'जे आहे ते' हाच मेनू असे. एकदा नाचणी, साबुदाणा आणि मटकी यांचं थालीपीठ केलं होतं, मुलं अजून नाव काढतात (चांगल्या अर्थाने नाही).

पॅकिंगला बबल रॅप विकत घेऊ नका. साड्या, चादरी, गोधड्या, टॉवेल कशासाठी आहेत? तेही न्यायचेच आहेत ना? कपबशा टॉवेलात, काचेच्या बरण्या स्वेटरमध्ये. भांडी खोक्यात नको, कळशी-पातेल्यांत एकात एक बसवून गोणीत. तांदळाची रिकामी पोती वाण्याकडे दहा-पंधराला मिळतात.

आणि काचेची शेगडी सामानात टाकू नका. हातात, मांडीवर, काहीही करा, पण टेम्पोत नको.

---

चहा_बिनसाखर | ५ मे, सकाळी ८:०५

खोकी वाइन शॉपमधून आणा. जाड असतात आणि आत पुठ्ठ्याचे कप्पे असतात, काचेच्या ग्लासांना एक नंबर. मी बावीस खोकी आणली होती. फक्त एक झालं, नव्या सोसायटीत पोचलो आणि गेटवर उभ्या काकांनी बावीस व्हिस्कीची खोकी माझ्या घरात जाताना मोजली. दोन वर्षं झाली, अजून गणपतीची वर्गणी मागायला माझ्याकडे येताना दोघं येतात, एकटं कुणी येत नाही.

---

मंजिरी_ठाणे | ५ मे, सकाळी ८:२०

हाहा. ताईंच्या सासूबाई सोबत आहेत, तर ताईंनी औषधाच्या दुकानातली खोकी आणावीत. शिवाय मे आहे, आंब्याच्या लाकडी पेट्या फळवाल्याकडे पडलेल्या असतात. पेंढाही फुकट मिळतो. मात्र खिळे बघून घ्या आणि पेंढा उन्हात वाळवा, नाहीतर नव्या घरात मुंग्यांची वास्तुशांत होईल.

---

आबा_खेडकर | ५ मे, दुपारी १:४०

ताई, तुम्ही कल्याणच्या बाजार समितीला एकदा पहाटे जाऊन या.

मी खेड तालुक्यातला (राजगुरुनगर), घरची पिकअप आहे, पोरगा चालवतो. आमच्याकडचा भाजीपाला रोज रात्री कल्याणला आणि वाशीला जातो. खेड, मंचर, नारायणगाव, ओतूर, सगळीकडून. संध्याकाळी गाडी भरते, आळेफाटा-माळशेज-मुरबाड करत मध्यरात्रीनंतर कल्याणात. पहाटे माल उतरतो, सहा-सातला गाडी मोकळी. मग ती मोकळीच परत येते. जाताना शेतकऱ्याचं भाडं मिळालेलं असतं, येताना डिझेल अंगावर. त्या रिकाम्या गाडीत तुमचं सामान टाकलं तर ड्रायव्हरला डिझेल सुटलं आणि वर दोन पैसे, तुम्हाला निम्म्यात काम. याला आम्ही रिटर्न भाडं म्हणतो.

काही गोष्टी लक्षात ठेवा.

गाडी कुठली ते विचारा. चाकण, खेडकडची असेल तर मोशी त्याच्या गावापासून थोडं पुढे. नारायणगावच्या गाडीला मोशी म्हणजे साठेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं, तो जास्त मागणार आणि ते बरोबरच आहे.

तो थांबणार नाही. साताला गाडी दारात आली की नऊला हलली पाहिजे. रात्रभर जागलेला माणूस असतो, संध्याकाळी त्याला पुन्हा भरायचं असतं. 'जरा पडदे काढायचे राहिलेत' असलं काही चालणार नाही. तो झोपलाय का, चहा घेतलाय का, हेही बघा. घाट आहे.

ड्रायव्हर सामान उचलत नाही. हमाल तुमचे.

हौदा ओला असतो. खाली एक ताडपत्री आणि वर एक, दोन्ही मागा.

भाडं अर्धं चढवल्यावर, अर्धं उतरवल्यावर. आणि जूनच्या पावसाआधी निघा. माळशेजला दरड आली की सगळेच अडकतात.

---

तिसरा_मजला | ५ मे, दुपारी २:१०

आबा, हे डोक्यातच आलं नव्हतं! रोज तीच कोथिंबीर विकत घेते मी. अंदाजे किती घेतील?

---

आबा_खेडकर | ५ मे, दुपारी ४:३०

पिकअपला पाच ते सहा हजार. साडेचारला कुणी तयार झाला तर उत्तम, पण सात सांगितले तर दुसरीकडे विचारा. माझा पोरगा त्या आठवड्यात वाशीला जातोय, नाहीतर त्यालाच सांगितलं असतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ओळखीच्या दोघांची नावं देतो.

---

भाडेकरू_क्र_७ | ५ मे, सायं ६:००

बाकी सगळे सामानावर बोलतायत म्हणून मी कागदावर बोलतो. पैसे तिथेच गळतात.

करार झाला म्हणालात, पण नोंदणी झाली का? महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, आणि नोंदवण्याची जबाबदारी त्यात घरमालकावर टाकलेली आहे. खर्च मात्र रिवाजाने निम्मा-निम्मा होतो. हिशोब असा: पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. समजा ११,००० भाडं, ११ महिने, डिपॉझिट ४०,०००. शुल्क येतं तीनशेच्या वर थोडंसं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, वर दस्त हाताळणीचे थोडे. एजंट पाच हजार सांगत असेल तर त्यातलं सरकारचं किती आणि त्याचं किती हे कागदावर मागा. आवाज लगेच बदलतो.

पोलीस पडताळणीचे वेगळे सातशे-आठशे लावतात. तो फॉर्म ऑनलाइन आपला आपण भरता येतो.

गॅस: सिलिंडर टेम्पोत टाकून नेऊ नका. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, ते टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याचा कागद) आणि डिपॉझिट देतात. तो कागद मोशीच्या एजन्सीत दाखवायचा. हरवला तर नव्या कनेक्शनच्या भावात पडेल, एका सिलिंडरलाच २,२०० डिपॉझिट आहे. शेगडी आणि पासबुक तुमच्याकडेच राहतं.

वीज: इथल्या मीटरचा निघताना फोटो. तिथल्या मीटरचा शिरताना फोटो, आणि महावितरणच्या साइटवर ग्राहक क्रमांक टाकून मागची थकबाकी बघा. मी एकदा आधीच्या भाडेकरूचं ३,४०० भरलंय.

डोंबिवलीचं डिपॉझिट कधी परत मिळणार? मालक 'रंग काढावा लागेल' म्हणून कापतात. घर रिकामं झालं की प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढा, मालकासमोर.

---

शास्त्री_नाही | ५ मे, रात्री ९:४५

माझा फंडा सोपा आहे. मी घर बदलतो पितृपक्षात. टेम्पोवाला रिकामा, हमाल रिकामे, सुतार-प्लंबर रिकामे, घरमालकसुद्धा भाड्याला नरम. गेल्या वेळी अमावस्येला हललो, टेम्पोवाल्याने विचारलं 'साहेब, नक्की आजच?' आणि पंधराशे कमी केले.

---

नाना_सदाशिव | ५ मे, रात्री १०:२०

पैशापुढे सगळं फिकं पडलंय हल्ली. नव्या घरात आधी देव, मग कुंकू-तांदूळ, मग दूध उतू जाऊ द्यायचं, अशी रीत आहे. अमावस्येला कुणी बिऱ्हाड हलवतं का?

---

शास्त्री_नाही | ५ मे, रात्री १०:३१

नाना, दूध अमावस्येलाही उतू जातं. पंधराशे वाचले त्यात वर्षभराचं सिलिंडर नाही पण दोनेक महिन्यांचं निघालं.

---

नाना_सदाशिव | ५ मे, रात्री १०:४०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

मंजिरी_ठाणे | ६ मे, सकाळी ७:१५

नाना रागावू नका. पण तारखेचा मुद्दा खरा आहे. महिनाअखेर, रविवार आणि चांगला मुहूर्त, हे तीन टाळले की हमालसुद्धा नीट बोलतात. मंगळवार-बुधवार बघा.

---

सेक्रेटरी_ब_विंग | ६ मे, सकाळी १०:००

नव्या सोसायटीत आधी विचारून ठेवा. आमच्याकडे शिफ्टिंगचे २,००० घेतो. लगेच शिव्या घालू नका, सांगतो का ते. मागच्या वर्षी एकाने लिफ्टमध्ये कपाट तिरकं कोंबलं, दार वाकलं, दुरुस्ती १४,०००. ते कुणी भरायचे? शिवाय सामान हलवायची वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ५ ठेवलीय, रविवारी बंद.

---

भाडेकरू_क्र_७ | ६ मे, सकाळी १०:२५

सेक्रेटरीसाहेब, नुकसान झालं तर वसूल करा, जरूर करा. पण ज्याने लिफ्टला ओरखडाही काढला नाही त्याचे २,००० कशाचे? अनामत घ्या आणि लिफ्ट बघून परत द्या. तुम्ही परत देता का?

---

सेक्रेटरी_ब_विंग | ६ मे, सकाळी ११:४०

नाही देत. सर्वसाधारण सभेत ठराव झालाय.

---

लंबोदर | ६ मे, सकाळी ११:४२

सभेला भाडेकरू नव्हते म्हणून झाला.

---

भाडेकरू_क्र_७ | ६ मे, दुपारी १२:०५

हेच. आणि घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी बिनवापर शुल्क लावते, त्यालासुद्धा २००१ पासून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ते मालकाने भरायचं असतं. काही मालक गुपचूप भाड्यात चढवतात. ताई, करारात मेंटेनन्स कोणाकडे लिहिलंय बघा.

---

वैतागलेला_वाकड | ६ मे, दुपारी १२:३०

अजून एक. नव्या सोसायट्यांच्या गेटवर 'आम्ही इथले माथाडी, आमच्याशिवाय सामान उतरणार नाही, वाराई (सामान चढ-उताराचे पैसे) द्या' म्हणणारे भेटतात. माथाडी कायदा १९६९ चा, हमालांच्या भल्यासाठी केलेला, चांगला कायदा आहे. पण घरचं सामान घरच्या माणसांनी उतरवायला कुणाची परवानगी लागत नाही. वाद घालू नका, शांतपणे ११२ लावा. फोन कानाला लागला की बहुतेकदा पांगतात.

---

पक्या_कूलिंग | ६ मे, रात्री ८:५०

फ्रीज-वॉशिंग मशीनची कामं करतो, म्हणून सांगतो.

फ्रंट लोड मशीन घेताना मागच्या बाजूला चार लांब बोल्ट येतात, ट्रान्झिट बोल्ट. ड्रम जाम करायला. तुमचं सेकंडहँड आहे म्हणजे ते असतील असं वाटत नाही. न लावता नेलं तर घाटात ड्रम आपटून बेअरिंग जातं, मग मशीनच्या किमतीएवढा खर्च. आधीच्या मालकाला विचारा, लोक माळ्यावर ठेवून विसरतात. नाहीच मिळाले तर स्पेअर पार्टवाल्याकडे मॉडेल सांगून बघा. खालच्या फिल्टरमधलं पाणीही काढा.

फ्रीज उभाच न्यायचा. आदल्या रात्री बंद करून पाणी काढा, दार चिकटपट्टीने नाही, ओढणीने बांधा. चिकटपट्टीने रंग निघतो. पोचल्यावर चार-पाच तास तसाच राहू द्या, मग चालू करा. एसी नाही तुमच्याकडे, बरंय. असलेल्यांसाठी: काढणाऱ्याला आधी गॅस आउटडोअरमध्ये ओढून घ्यायला सांगा (आम्ही पंप डाऊन म्हणतो). घाईत नळी सोडली की गॅस हवेत आणि तिकडे भरायचे अडीच-तीन हजार.

---

पुस्तकी_किडा | ७ मे, सकाळी ९:००

पुस्तकांची चार खोकी टेम्पोत कशाला? पोस्टाने रजिस्टर्ड बुक पोस्ट करा, मातीमोल दरात जातात.

---

चहा_बिनसाखर | ७ मे, सकाळी ९:२०

ती सेवा पोस्टाने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली हो. वाचणाऱ्यांचं कुणाला बघवत नाही.

---

पुस्तकी_किडा | ७ मे, सकाळी ९:३३

अरेरे. मग एकच: पुस्तकं मोठ्या खोक्यात भरू नका. मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की हमाल उचलत नाही आणि बूड फाटतं. छोटी खोकी, किंवा प्रत्येक खोक्यात खाली पुस्तकं, वर उशा.

---

स्टुटगार्टकर | ७ मे, दुपारी ३:१५

अवांतर: इथे जर्मनीत लोक घर सोडताना स्वयंपाकघर उचलून नेतात. ओटा, कपाटं, सिंक, सगळं. मी पहिल्यांदा भाड्याचं घर घेतलं तेव्हा स्वयंपाकाच्या खोलीत फक्त भिंतीतून आलेला एक नळ होता. पंधरा दिवस बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले. तुमचा पाटा-वरवंटा त्यामानाने काहीच नाही.

---

लंबोदर | ७ मे, दुपारी ३:२०

सासूबाईंना हे वाचून दाखवू नका. ओटा उचलायला सांगतील.

---

नाना_सदाशिव | ७ मे, सायं ५:००

पाट्याबद्दल मी बोलतो. न्या तो. नंतर मिळत नाही. पाट्याला टाकी लावणारेही (टोचून खडबडीत करणारे) आता दारावर येत नाहीत.

आणि मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला सुट्टीत ऑफिस चालू असेल तेव्हाच घेऊन ठेवा, नाहीतर एका कागदासाठी पुन्हा डोंबिवलीची फेरी. दाखल्याला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे. मी मुख्याध्यापक होतो.

---

तिसरा_मजला | ७ मे, रात्री ११:००

नाना, दाखल्याचं पार विसरले होते. उद्याच जाते. बेडची जाहिरात टाकलीय, पाच तासांत सतरा जणांनी 'लास्ट प्राइस?' विचारलंय.

सासूबाईंना पाट्याबद्दल हळूच विचारलं. म्हणाल्या, 'तुम्ही तुमचं सामान न्या, मी माझं नेते.' आता बोला.

---

तिसरा_मजला | २८ मे, रात्री ९:३०

मंडळी, पोचलो! सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद, आता हिशोब.

आबांनी दिलेल्या दोघांपैकी एक चाकणकडचे निघाले. नवरा आदल्या रविवारी पहाटे साडेपाचला कल्याणच्या बाजारात जाऊन त्यांना भेटून आला, येताना उगाच पाच किलो टोमॅटो घेऊन आला (किराणा बंद असताना!). ५,५०० ठरले. बुधवारी २० तारखेला सव्वासातला गाडी दारात. तीन मजले उतरवायला दोन हमाल, १,८००. मशीनचे बोल्ट खरंच आधीच्या मालकाच्या माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलात गुंडाळलेले मिळाले. पक्याभाऊ, तुम्हाला कोपरापासून नमस्कार.

नऊऐवजी साडेनऊ झाले. ड्रायव्हरदादांना पोहे-चहा दिला आणि वर हमाल चढ-उतर करत होते तोवर ते आमच्या दिवाणखान्यात उघड्या फरशीवर चाळीस मिनिटं घोरले. त्यांना उठवायचं कुणी यावर आमची बैठक झाली.

नवरा ॲक्टिव्हावरून पनवेल-खोपोली-खंडाळा असा जुन्या हायवेने गेला, एक्स्प्रेसवेवर दुचाकी चालत नाही. आम्ही तिघं कल्याणहून रेल्वेने.

टेम्पो ५,५००. डोंबिवलीचे हमाल १,८००. मोशीला नाक्यावरचे दोघं १,०००. चिकटपट्टी, सुतळी, पोती ३४०. पोहे, चहा, सगळ्यांचं जेवण २६०. पेट्रोल ३१०. रेल्वे आणि रिक्षा ७१०. झाले ९,९२०.

मग घोळ. मंजिरीताईंनी स्पष्ट लिहिलं होतं, तरी शेगडी गोधडीत गुंडाळून कपाटाशेजारी ठेवली. काच तडकली. १,४५०.

बेड २,००० ला गेला, इथे लोखंडी खाटा दोन जुन्या ३,२०० ला घेतल्या, म्हणजे १,२०० वर. एकूण १२,५७०. रद्दी आणि भंगार विकून १,१२० आले, वजा जाता ११,४५०. साडेपाचशे उरले!

सोसायटीने शिफ्टिंगचे १,५०० मागितले. मी भाडेकरू क्र. ७ यांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं: अनामत घ्या, लिफ्ट बघून परत द्या. सेक्रेटरी दोन मिनिटं गप्प, मग घेतले आणि संध्याकाळी खरंच परत दिले. इथल्या सेक्रेटरीसाहेबांनी वाचावं ही विनंती. :)

अकरा कुंड्यांपैकी तुळस आणि कढीपत्ता आणला, बाकी शेजारणीला.

---

आबा_खेडकर | २९ मे, सकाळी ६:१०

बरं झालं. सामानाला वास लागला का?

---

तिसरा_मजला | २९ मे, सकाळी ८:००

आबा, विचारू नका. खाली ताडपत्री होती तरी गाद्यांना आठवडाभर कोथिंबिरीचा वास. मुलगा म्हणतो भेळेत झोपल्यासारखं वाटतं. आणि परवा कपाट भिंतीपासून सरकवलं तर मागे मेथीची अख्खी जुडी, वाळून कडकडीत.

---

लंबोदर | २९ मे, सकाळी ८:०४

ती भाड्यातून वजा करायची राहिली. आणि पाटा?

---

तिसरा_मजला | २९ मे, सकाळी ८:३०

भंगारवाल्याच्या काट्यावर आधी वजन करून बघितलं होतं, बावीस किलो. हमालाने त्याचे वेगळे शंभर मागितले, सासूबाईंनी स्वतःच्या बटव्यातून दिले, म्हणून वरच्या हिशोबात नाहीत.

नव्या मिक्सरची पिन इथल्या प्लगमध्ये बसत नाही, इलेक्ट्रिशियन रविवारी येणार. त्यामुळे चार दिवस चटणी पाट्यावरच होतेय. सासूबाई काही बोलत नाहीत, नुसत्या वाटताना माझ्याकडे बघतात.